बाळंतिणीची खोली

कर्जाच्या अर्जावर माझी सही हवी होती आणि मी ती पावणेदोन वर्षं केली नाही. कारण प्रत्येकाला वेगळं सांगत गेले. दादाला म्हटलं, व्याजाचे दर जरा उतरू देत. नवऱ्याला म्हटलं, कंत्राटदार काही बरा वाटत नाही. आईला काही सांगावं लागलं नाही, कारण तिने विचारलंच नाही. मी ३१ वर्षं बँकेत काढली आहेत. एका सहहिस्सेदाराची सही अडली की फाइल कशी पडून राहते, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

घर विलेपार्ले पूर्वेला. आजोबा बी.बी.सी.आय. रेल्वेत कारकून होते. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली गाड्या विजेवर धावायला लागल्या आणि गिरगावात दोन खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांना पार्लं एकदम हाकेच्या अंतरावर वाटू लागलं. तेव्हा पार्लं मुंबईत नव्हतंच. ते मुंबई उपनगर जिल्ह्यात होतं, शहरात यायला १९५० उजाडलं. टिळक विद्यालय मात्र १९२१ पासून होतं, लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून. म्हणजे मुलांची शाळा आणि संध्याकाळचं व्याख्यान यांची सोय आधी झाली, मग माणसं राहायला आली. पार्लेकरांचा स्वभाव बघता हे बरोबरच झालं म्हणायचं.

आजोबांनी १९३५ मध्ये घर बांधलं. दीड विटेच्या भिंती, बांधकाम चुन्यातलं, वर मंगलोरी कौलं, खाली सागाचे वासे. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. तेरा पायऱ्यांचा उभाच्या उभा लाकडी जिना, चढताना धरायला वरून सोडलेला दोर. वर दोन खोल्या आणि रंगीत काचांची गॅलरी. मागे विहीर, बकुळ, आणि कुंपणाच्या कडेला संडास. माजघराला लागून सात बाय नऊची एक अंधारी खोली, ती बाळंतिणीची. १९६१ च्या जुलैत पाऊस असा लागला की आईला दवाखान्यात न्यायला वाहन मिळेना. मी त्या खोलीत जन्मले.

वहिनीला त्या खोलीत संडास-बाथरूम करायचं होतं.

खरं कारण हे. बाकीची सगळी पांघरुणं. जिथे मी जन्मले तिथे कमोड बसणार, हा विचारच मला सहन होईना. हे वाक्य मोठ्याने कोणाजवळ बोलण्याचीही लाज वाटत होती, म्हणून व्याजदर.

त्यात माझा एक जुना पराक्रमही आड येत होता. २०१६ मध्ये पार्ल्याची बिस्किटांची फॅक्टरी बंद झाली. १९२९ पासून चालू असलेली. आमच्या लहानपणी वाऱ्याची दिशा त्या वासावरून कळायची. त्या निमित्ताने मी एका दिवाळी अंकात आमच्या घरावर लेख लिहिला. इटलीहून आलेल्या नक्षीच्या फरश्या, आजोबांनी हौसेने बसवलेल्या रंगीत काचा, आणि बाळंतिणीची खोली, जिच्या भिंतींना म्हणे अजून शेक-शेगडीचा वास येतो. मागच्या फाटकाबद्दल लिहिलं होतं की या घराला पुढचं आणि मागचं यांची एक शिस्त आहे. लेख गाजला. फोन आले. जवळच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवला. वहिनीने वाचला, घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, “छान लिहिलंयस गं. तो दोर बदलायला झालाय, ते नाही लिहिलंस.”

मी हसले होते. लेख लिहिला तो ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बसून, अकराव्या मजल्यावर, दोन लिफ्ट आणि अडीच बाथरूम असलेल्या घरात.

कायद्याने माझा तिसरा हिस्सा होता, हेही सांगायला हवं. आप्पा २००९ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं, मालमत्ता पत्रकावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. १९५६ च्या कायद्याने मुलीला वाटा दिला होता, पण घरचे लोक राहत असलेल्या घराची वाटणी मागायचा अधिकार तिला २००५ मध्ये मिळाला. वाटणी मला नको होती, विकायचं तर मुळीच नव्हतं. बिल्डर एकदोघे येऊन गेले होते. विमानतळाच्या फनेलमुळे उंची चढत नाही, प्लॉट एकुलता एक. चहा पिऊन गेले ते गेलेच. दादाने हक्कसोडपत्राचा विषय कधी काढला नाही. माणूस तसा सरळ आहे. आणि माझा तो अधिकार, जो मिळवायला कितीतरी बायका झगडल्या, मी कशासाठी वापरला, तर वहिनीला घरात संडास मिळू नये म्हणून.

जुलै २०२३ मध्ये दादाच्या मुलीचं बंगळूरला बाळंतपण होतं. दादा-वहिनी निघाले आणि मी नऊ दिवस आईजवळ राहायला गेले. लग्नानंतर त्या घरात सलग नऊ दिवस मी कधी राहिले होते ते मला आठवत नाही. दोन दिवसांचं माहेरपण वेगळं. त्यात आयतं ताट असतं आणि गॅलरीतला झोपाळा असतो.

पहिल्या दिवशी पाच वाजता ताक केलं. आई म्हणाली, “ठेव. सकाळी घेईन.” दुसऱ्या दिवशी चहा अर्धा ठेवला. तिसऱ्या दिवशी रात्री पिठलं-भात झाला, पिठलं जरा तिखट झालं होतं, तिला ठसका लागला तरी तिने फुलपात्र ओठांना लावून खाली ठेवलं. पाणी तेवढंच.

“अगं पी की.”

“चारनंतर मी पाणी पीत नाही.”

“का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की ही मुलगी खरंच माझीच ना. “रात्री उठावं लागतं,” ती म्हणाली.

त्या वर्षात तिला दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. दोन्ही वेळा वहिनीने डॉक्टरांकडे नेलं, मला फोनवर कळवलं, आणि दोन्ही वेळा मी ठाण्याहून सांगितलं होतं, “वहिनी, तिला पाणी जास्त प्यायला सांगत जा हं.”

त्या रात्री दोन वाजता मला स्वतःला जावं लागलं. मागचं दार उघडलं, छत्री, मोबाईलचा उजेड. दारापासून संडासापर्यंत शहाबादी फरश्यांची वाट, बावीस पावलं, मी मोजली. विहिरीजवळच्या तीन फरश्यांवर शेवाळं. तिथे मी चप्पल काढून, छत्री काखेत धरून, बकुळीच्या खोडाला हात लावत गेले. मी बासष्ट वर्षांची. आई नव्वदीला टेकलेली. आणि ही वाट ती रोज, १९५६ पासून.

सकाळी मी हुशारी करायला गेले. म्हटलं, खोलीत ती कमोडची खुर्ची आणून ठेवली आहे ना वहिनीने, ती का नाही वापरत? आई शेंगा निवडत होती, निवडतच राहिली. “आणि सकाळी ते भांडं कोणी उचलायचं? तिने? पूर्वी मागच्या फाटकातून बाई यायची. टोपली डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यात तिच्या अंगावर ओघळायचं. मी नवी नवरी, मला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं, तर तुझी आजी खिडकी लावून घ्यायची. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. अडतीस वर्षं झाली, तुझी वहिनी या घरात राबते. आता ते तिने करायचं का?”

पुढचं आणि मागचं यांची शिस्त. माझ्याच लेखातलं वाक्य मला आठवलं आणि काय करावं सुचेना, म्हणून मी शेंगा निवडायला बसले. संडास अंगणाच्या टोकाला का, त्या कडेला स्वतंत्र फाटक का, ते फाटक एवढं ठेंगणं का, या घरात वाढूनसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. मला ते चित्रातल्यासारखं वाटायचं, वर कृष्णकमळाचा वेल होता म्हणून.

दादा-वहिनी आल्यावर मी सही केली. एका फटक्यात शहाणी झाले असं मात्र समजू नका. सही करताना चार अटी घातल्या. फरश्या उखडायच्या नाहीत. काचा काढायच्या नाहीत. कौलं काढून पत्रे घालायचे नाहीत. जिना आहे तसाच. वहिनी एरवी मला नावाने हाक मारते. रागावली की ‘वन्सं’ म्हणते. म्हणाली, “वन्सं, कागदावर लिहून द्या. भिंतीला चिकटवते.”

इमारत तीस वर्षांहून जुनी असली की तिची तपासणी करून घेणं महापालिकेच्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. एक तरुण मुलगी आली, इंजिनिअर. तिने तुळयांच्या टोकांना दाभण टोचून पाहिलं. भिंतीत घुसलेली टोकं हीच सडतात, मधलं लाकूड ठणठणीत असतं, म्हणाली. दोन टोकं वाळवीने पोखरलेली निघाली, बाकी सागाला काही झालं नव्हतं. मग ती माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबली. ही भिंत दर पावसाळ्यात कमरेपर्यंत ओली व्हायची, पोपडे धरायची, पांढरं मीठ फुटायचं. यावरून मी वहिनीला वर्षानुवर्षं टोमणे मारले होते, घराला हात फिरता लागतो वगैरे. मुलीने छिन्नीने गिलाव्याचा एक तुकडा पाडला, मागची वीट दाखवली आणि विचारलं, “हे सिमेंट कधी मारलं?”

१९९४ मध्ये. माझ्या नवऱ्याच्या सल्ल्याने. तो आमच्या घरातला सिव्हिल इंजिनिअर, त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं की चुना गेला आता, सिमेंट मारा, भिंत लोखंडासारखी होईल.

ती झालीही, आणि तिथेच घोळ झाला. चुन्यातली भिंत जमिनीची ओल शोषते आणि तितक्याच निवांत बाहेर टाकते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल उडून जाते. वर सिमेंटचा घट्ट थर आला की ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही. ती भिंतीतच वर चढते, सोबत क्षार आणते, ते गिलाव्यामागे फुलतात आणि गिलावा ढकलून पाडतात. पडला की आम्ही पुन्हा सिमेंट मारत होतो. तीस वर्षं. नवरा शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, “आम्हाला कॉलेजात हे शिकवलं नव्हतं.” वहिनी काहीच बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, म्हणजे निदान हिशेब चुकता झाला असता.

सगळं सिमेंट खरवडून काढलं. कळीचा चुना आणून हौदात विझवला, महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवला. हे काम जाणणारा मिस्त्री साठीचा होता. त्याने गूळ आणि हिरड्याचं पाणी मागितलं तेव्हा दादाला तो स्वयंपाकाचं सामान मागतोय असं वाटलं. थापीने गिलावा दाबताना तो दर काही मिनिटांनी बोटाचा मागचा भाग भिंतीला लावून पाहायचा, आजारी मुलाचा ताप बघावा तसा. पुरता ओला नाही, पुरता सुका नाही, अशा एका क्षणी घोटायला घ्यायचा. त्याला मी विचारलं, कसं कळतं? म्हणाला, “भिंत सांगते.” मला चीड आली. मग एकदा त्याने माझा हात धरून भिंतीला लावला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावला. फरक मला खरोखर कळला.

कौलांच्या बाबतीत मात्र आमची फजिती झाली. शाकारणी एप्रिलमध्ये व्हायची, ती कंत्राटदाराच्या माणसांमुळे मेअखेरीवर गेली आणि निम्मं छप्पर उघडं असताना पहिला पाऊस कोसळला. निळी ताडपत्री, बादल्या, गाद्या ओटीवर. आई झोपाळ्यावर छत्री उघडून बसली होती आणि तिला मजा वाटत होती. उतरवलेली कौलं अंगणात रचली, तेव्हा त्यांच्या पाठीवरचे शिक्के वाचता आले. मी ‘बेसल मिशन’ शोधत होते. १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना त्यांनी काढला, हे मला ठाऊक होतं. पण शिक्का निघाला ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’. पहिल्या महायुद्धानंतर त्या जर्मन-स्विस मिशनचे कारखाने इंग्रजांनी ज्या कंपनीकडे सोपवले, ती ही. खालच्या ओळीतली कौलं मात्र वेगळ्याच तीन कारखान्यांची होती. दर वर्षी फुटतील तशी बदललेली.

आणि मग ती वही. माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात आजोबांची जमाखर्चाची वही सापडली. मोडीत. दादाला येत नाही, मला येत नाही. आई शाळेत मोडी शिकलेली. भिंगातून, दोन दुपारी, तिने आम्हाला वाचून दाखवली.

“१९३५. कोबा, ओटी व माजघर.” कोबा? फरश्या नव्हत्या?

“नव्हत्या. थांब.” पानं उलटली. “१९४८. आत्याचं लग्न. भारत टाइल्स. हे बघ, गाडीभाडं वेगळं लिहिलंय.”

म्हणजे इटली नव्हे. १९२२ मध्ये स्वदेशीच्या जोमात मुंबईत निघालेल्या कंपनीच्या फरश्या, भाजलेल्या नव्हेत, सिमेंट आणि रंगाचा थर यंत्राने दाबून पाण्यात मुरवलेल्या. न्हाणीच्या दाराशी एक सुटी फरशी होती, ती उलटी केली तर मागे नाव होतंच. आठ वर्षांपूर्वी ती उलटी करायला मला कोणी अडवलं नव्हतं.

रंगीत काचा आजोबांच्या नव्हत्याच. आप्पांनी १९६३ मध्ये वांद्र्याला पाडलेल्या कुठल्याशा बंगल्याच्या सामानातून आणल्या, त्याआधी गॅलरीला नुसता लाकडी कठडा होता. तेरा पायऱ्यांचा जिना मूळचा, पण मूळ जागेवरचा नव्हे. तो ओटीतून माजघरात आला तो वरती भाडेकरू ठेवले तेव्हा. आई हे सगळं वाचताना वर बघतही नव्हती. तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, ती निम्म्या गोष्टींना हजर होती.

“आणि बाळंतिणीची खोली?” मी विचारलं.

ती मागे गेली, अगदी पहिल्या पानांवर, जिथे खोल्यांची यादी होती. बोट फिरवत आली.

“कोळशाची कोठी,” तिने वाचलं.

दादा खोकला. वहिनी चहाचे कप उचलून आत गेली आणि आतून तिचं हसू ऐकू आलं, बराच वेळ.

काम दिवाळीआधी संपलं. माझ्या चारांपैकी तीन अटी पाळल्या गेल्या. त्यातल्या दोन घातल्याच नसत्या तरी दादा-वहिनी तेच करणार होते, हे मला नंतर कळलं. फरश्या साबणाने धुऊन, मेण लावून तशाच ठेवल्या. चौथी मोडली. जिना काढून त्याच जागी रुंद, अर्ध्यात वळणारा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला केला, जुन्याच सागाचा. दोर मी घरी घेऊन आले आहे. त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

कोळशाच्या कोठीला मागच्या भिंतीत खिडकी पाडली. तिथून बकुळ दिसते. भिंत फोडायची म्हणून रीतसर परवानगी काढली, त्यात अडीच महिने गेले. आत पकडायला दांडे, न घसरणारी जमीन, रुंद दार. भिंतीच्या टाइल्स वहिनीने निवडल्या. फिकट बदामी, चकचकीत, दर पाचवीवर एक गुलाब. भयंकर दिसतात. मी एक शब्द बोललेली नाही, आणि बोललेली नाही हे वहिनीला कळलेलं आहे.

मागचं फाटक दादा भिंत बांधून बंद करणार होता. आईने करू दिलं नाही. का, ते तिने सांगितलं नाही. वेल मात्र तिने काढायला लावला.

गेल्या महिन्यात राहायला गेले होते. माजघरात आईच्या शेजारी गादी घातली. उशाशी तांब्या-फुलपात्र. अडीचच्या सुमाराला ती उठली, कठड्याला धरून गेली, दार लागलं, फ्लशचा आवाज आला. ती परत आली, पलंगावर बसली आणि अंधारात तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. फुलपात्र भरलं. रिकामं झालं. पुन्हा भरलं.

वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप मात्र त्यानंतर पाच मिनिटं घरघरत राहिला. दादाला सांगायला हवं.